टार्गेटने उडी मारली की हात काय करतो? बदली ऑपरेटर बनवण्याच्या नोंदी

११ जून

नाशिकमध्ये सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये ओव्हरहेड क्रेनच्या ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचा) रॅम्प, म्हणजे वेग चढायला-उतरायला दिलेला वेळ, बदलला की ऑपरेटरला बसवून बघावं लागतं. शिफ्टमध्ये ऑपरेटर मोकळा सापडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. सापडलाच तर त्याचा पहिला प्रश्न, "साहेब, आधीचं काय वाईट होतं?" म्हणून संगणकात एक बदली ऑपरेटर बसवायचं डोक्यात आहे. त्याला टार्गेट दाखवायचं, त्याने माणसाच्या वेगाने हात हलवायचा, आणि चुकायचं तेही माणसासारखंच.

टार्गेट संथ सरकत असेल तर हे काम १९६०च्या दशकातच होऊन गेलंय. वैमानिकांचा अभ्यास करणाऱ्या ड्युएन मॅक्रुअर यांनी दाखवलं, की माणूस आणि त्याच्या हातातलं यंत्र दोन्ही एकत्र धरले तर, कामाच्या वारंवारतेच्या आसपास, एक इंटिग्रेटर (चूक जितकी मोठी, तितका वेग) आणि थोडा उशीर एवढ्यात मावतात. यंत्र बदललं की माणूस स्वतःला असा बदलतो की बेरीज तीच राहते. मला हवंय ते याच्या पुढचं: टार्गेट एका जागी उभं आहे आणि एकदम दुसरीकडे गेलं, तर?

मांडणी साधी. स्क्रीनवर आडवी पट्टी, तिच्यावर लाल रेघ म्हणजे टार्गेट, हिरवी रेघ म्हणजे कर्सर, हातात एक नॉब. लाल आणि हिरवी दोन्ही दिसतात. फक्त फरक दाखवायचा असाही एक प्रकार असतो आणि जुने बरेच प्रयोग त्या प्रकारचे आहेत, पण क्रेनवाल्याला हुकही दिसतो आणि माल ठेवायची जागाही, म्हणून हा निवडला.

खर्च: अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डची नक्कल ५५० रुपये, पॉट (फिरवला की व्होल्टेज बदलणारा भाग) आणि नॉब ६०, बाकी वायरी घरच्याच.

१४ जून

नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला तरी हिरवी रेघ जागची हलत नाही, आणि मग उरलेल्या अर्ध्यात सुसाट पळते. आधी कोड तपासला, मग वायरी, मग पुन्हा कोड. शेवटी पॉट उलटा करून पाठ बघितली तर छाप होता ए१०के. ए म्हणजे लॉग, आवाजाच्या बटणासाठीचा. आपल्याला सरळ रेषेतला हवा, तो बी१०के. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने "दहा के म्हणजे दहा केच, साहेब" म्हणत दिला होता. पुन्हा जाऊन बी१०के आणला, २५ रुपये. येताना पावसाने गाठलं ते वेगळं.

स्वस्तातल्या कार्बन पॉटला एखाद्या जागी खरखर असते. मधल्या टोकापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि खरखर गेली.

१८ जून

आजचा दिवस वेळेच्या हिशेबात गेला. हा भाग कुणी गाळू नये. इथे ३० मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले की पुढे मॉडेलमध्ये जो डिले (उशीर) निघतो तो माणसाचा नसतो, आपल्या वायरीचा असतो.

पहिली गोष्ट सिरियल पोर्टची, म्हणजे अर्डुइनोकडून संगणकाकडे डेटा जातो त्या वाटेची. सवयीने वेग ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) ठेवला होता. त्यात सेकंदाला ९६० अक्षरं जातात. माझी एक ओळ १२ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला फार तर ८० ओळी. मी मात्र दर दोन मिलिसेकंदांनी एक ओळ पाठवत होतो. अर्डुइनोचा बफर ६४ बाइटचा. तो भरला की प्रिंटची आज्ञा तिथेच थांबून राहते, आणि सोबत पुढचं सॅम्पलिंगही. ग्राफ छान गुळगुळीत दिसत होता, फक्त त्यातले पाचशे नमुने ऐंशीवर आले होते. १,१५,२०० बॉड केला आणि प्रश्न संपला.

दुसरी स्क्रीनची. प्रोग्रामने "टार्गेट हलवलं" अशी नोंद केली त्या क्षणी ते स्क्रीनवर हललेलं नसतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात, शिवाय मॉनिटरची स्वतःची प्रक्रिया. हे अंदाजाने वजा करण्यापेक्षा मोजलेलं बरं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन ठेवला, टार्गेटने उडी मारली की तो काळ्याचा पांढरा होतो. त्यावर आधी एलडीआर (उजेडाने रोध बदलणारा सेन्सर) चिकटवला, कारण तो घरात होता. एलडीआर स्वतःच दहा-दहा मिलिसेकंद घेतो, त्याने मोजायचं म्हणजे घड्याळच मागे. मग बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड (उजेड झटकन टिपणारा सेन्सर) आणला.

आता फोटोडायोड आणि पॉट दोन्ही एकाच अर्डुइनोवर, एकाच घड्याळाने. संगणकावरच्या पायथन प्रोग्रामची वेळ कुठेही वापरत नाही. विंडोज काय करतं, यूएसबी किती रेंगाळते, या भानगडींशी घेणंदेणं उरलं नाही. नॉब फिरल्यावर हिरवी रेघ हलायला लागणारा उशीर मात्र राहतोच, कारण तो माणसाला दिसतो. नॉब एका दणक्यात फिरवून तोही फोटोडायोडने मोजला आणि मॉडेलच्या यंत्राच्या बाजूला टाकला.

२३ जून

पहिला डेटा पुतण्याचा. टार्गेट एका साध्या साइन लाटेवर फिरवलं. फिट केल्यावर, म्हणजे मॉडेलचे आकडे डेटाशी जुळवल्यावर, डिले जवळपास शून्य! पुतण्या खूश, "काका, माझा रिअ‍ॅक्शन टाइम झिरो आहे." तसं काही नसतं. लाट एकच असली की दोन-तीन फेऱ्यांत हाताला ती पाठ होते आणि माणूस मागून जात नाही, बरोबरीने जातो. त्याच्याकडून उशीर काढून घ्यायचा तर टार्गेट बेभरवशाचं पाहिजे. आता पाच लाटा मिसळल्या, एकमेकींच्या पटीत नसलेल्या. लगेच उशीर दिसायला लागला.

३० जून

पहिलं मॉडेल: दिसणारी चूक, तीही डिलेइतकी जुनी, गुणिले गेन (एक ठरावीक आकडा), बरोबर कर्सरचा वेग. दोनच आकडे. संथ टार्गेटवर बेफाम बसलं, माणसाची रेघ आणि मॉडेलची रेघ एकमेकींवर.

फिट करताना एक खड्डा आहे. डिले पूर्ण सॅम्पलमध्ये मोजला की डेटा आणि मॉडेल यांतल्या फरकाचा आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होतो. फिट करणारं रुटीन डिले जरासा हलवून बघतं, काही बदलत नाही, आणि "झालं" म्हणून उठतं. पहिला अंदाज जो दिला तोच परत येतो आणि आपल्याला वाटतं काय अचूक अंदाज होता! डिले हाताने जाळीत फिरवायचा, दर १० मिलिसेकंदांनी, आणि प्रत्येक डिलेसाठी फक्त गेन शोधायचा.

माझ्या हाताचे आकडे, गोल करून: डिले ०.२५ सेकंद, गेन ४.

४ जुलै

तेच आकडे घेऊन टार्गेटला उडी मारायला लावली, आणि सगळं फसलं.

मॉडेल पाव सेकंद गप्प बसतं, ते ठीक. मग निघतं ते एकाच वेगाने, कारण त्याला अजून पूर्ण चूकच दिसते आहे. गेन ४ आणि डिले ०.२५ म्हणजे गुणाकार १. पुढच्या पाव सेकंदात ते बरोब्बर टार्गेटवर पोहोचतं. पण तिथे पोहोचल्याचं त्याला कळायला अजून पाव सेकंद आहे. त्या वेळात ते पुढेच जातं, आणि कागदावर सोडवून बघितलं तर नेमकं उडीच्या निम्म्याने पुढे जातं. ५० टक्के ओव्हरशूट. मग परत, मग पुन्हा पुढे. क्रेनवर असा माणूस पहिल्याच दिवशी घरी पाठवतील.

गेन कमी करून बघितला. या मॉडेलला अजिबात ओव्हरशूट नको असेल तर गेन गुणिले डिले ०.३७च्या वर जाता कामा नये. म्हणजे गेन दीडच्याही आत. मग ओव्हरशूट जातो, पण उडीनंतर अर्ध्या सेकंदाने मॉडेल जेमतेम ३७ टक्के वाट चाललेलं असतं. माणूस त्या वेळेला टार्गेटच्या उंबऱ्यावर असतो.

मधला एखादा गेन चालेल का म्हणून संध्याकाळ घालवली. चालत नाही. वेग माणसाचा घेतला की घोळ मॉडेलचा, आणि घोळ काढला की वेग गोगलगायीचा.

९ जुलै

मॉडेलला दोष देण्याआधी डेटा पुन्हा बघितला. आमच्या गल्लीतला एक पोरगा ढोल-पथकात ताशा वाजवतो. सध्या त्यांचा सराव जोरात आहे, गोदाकाठच्या मैदानावरून आवाज थेट घरात येतो. त्याला सरावाआधी अर्धा तास बसवलं. त्याच्या नोंदींत काही ठिकाणी हात टार्गेटच्या आधीच निघालेला. मला वाटलं फोटोडायोड निखळला.

"काय भो, आधीच कसं कळतं तुला?"

"दोन-दोन सेकंदांनी तर उडतंय, काका. मी मोजत होतो."

उडीतलं अंतर ठरावीक ठेवलं होतं. इतरांना कळत-नकळत अंदाज येत होता, याला तर ठेकाच मिळाला. १०० मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिसाद हा प्रतिसादच नाही, अंदाज आहे. डोळ्यापासून हातापर्यंतचा रस्ता तेवढ्यात पार होत नाही.

बदल असे केले. थांबण्याचा काळ, दिशा आणि उडीची लांबी, तिन्ही यादृच्छिक. थांबण्याचा काळ "दीड ते चार सेकंदांत कुठेही" असा समान वाटून दिला तरी साडेतीन सेकंद गेले की माणूस सावध होतो, आता येणारच म्हणून. त्याऐवजी दर क्षणाला उडीची शक्यता सारखी राहील असं वाटप घेतलं, म्हणजे घातांकी. थांबून थांबून काही कळत नाही. आधीचा सगळा डेटा फेकला. जीवावर आलं, पण तो कशाचा डेटा होता हेच सांगता येत नव्हतं.

१५ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण सगळ्यात जास्त दिवस इथे गेले.

नवा डेटा आला. प्रत्येकाच्या सगळ्या उड्या एकावर एक ठेवून सरासरी काढली. सुंदर, लोंबती, एस आकाराची रेघ. हळू सुरुवात, सावकाश शेवट. असल्या रेघेला दोन लॅग (हळूहळू गाठणारे टप्पे) आणि एक डिले दिला की फिट होतं. केलंही. फिट इतकं छान की दोन दिवस तेच घेऊन बसलो.

मग कोडमधल्या एका वेगळ्याच कारणासाठी एकेक उडी सुटी छापली. एकही उडी त्या सरासरीसारखी नव्हती. सुट्या उडीत हात अगदी स्थिर असतो, मग एकदम निघतो, वेग चढतो, मध्यावर सर्वात जास्त, मग उतरतो, आणि हात टार्गेटच्या थोडा अलीकडे थांबतो. किंचित विसावा. मग एक छोटी दुसरी हालचाल, उरलेलं अंतर भरायला. वेगाचा ग्राफ काढला तर एक मोठी टेकडी आणि तिच्या पायथ्याशी एक टेकाड. प्रत्येकाच्या बाबतीत. लांब उडीत टेकाड हमखास, छोट्या उडीत कधी असतं कधी नसतं.

सरासरीत हे का पुसलं गेलं? हात कधी २१० मिलिसेकंदांनी निघतो, कधी २९०ने. वेगवेगळ्या वेळी सुटलेल्या तीव्र हालचाली एकावर एक ठेवल्या की कडा घासल्या जातात आणि टेकाड तर कुठल्या कुठे जातं. सरासरीची ती गोंडस रेघ कुणाच्याच हाताने काढलेली नव्हती, आणि मी तिचं मॉडेल करत बसलो होतो.

उपाय: उडी मारली त्या क्षणावर नाही, हात निघाला त्या क्षणावर सगळ्या नोंदी जुळवायच्या. मग सरासरीतही दोन टेकड्या दिसतात. हात निघाल्याचा क्षण काढताना फिल्टर सांभाळा. साधा फिल्टर सगळं उशिरा दाखवतो. पुढून-मागून दोनदा चालवायचा फिल्टर उशीर काढतो, पण कडा दोन्हीकडे पसरतात, म्हणून हात निघाला त्याच्या आधीच निघाल्यासारखा दिसतो. मी कमाल वेग गाळलेल्या रेघेवर शोधतो आणि सुरुवात मूळ रेघेवर, कमाल वेगाच्या ५ टक्क्यांपर्यंत मागे चालत जाऊन. शंका आली तर डोळ्यांनी बघतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला तरी भरवशाचा वाटला नाही.

अजून एक. आरएमएस एररवर, म्हणजे दोन रेघांतल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळावर, मॉडेल तोलू नका. खरा आकार असलेलं पण ४० मिलिसेकंद उशिरा सुटलेलं मॉडेल त्या मापात नापास होतं आणि लोंबती रेघ पास. आता मी चार गोष्टी वेगवेगळ्या ताडतो: किती वेळाने निघाला, कमाल वेग किती, पहिली हालचाल कुठे संपली, नंतर किती दुरुस्त्या. आणि एकेक आकडा नाही, त्यांचा पसारा.

२१ जुलै

पहिल्याच मॉडेलला वेगाची मर्यादा घालून बघितली. ओव्हरशूट कमी झाला. पण मर्यादा असली की दुप्पट उडीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. माणूस तसं करत नाही, लांब उडी असेल तर तो हात जोरात टाकतो. पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये मांडलेलं हेच: निशाण तेवढंच रुंद ठेवून अंतर दुप्पट केलं तर वेळ दुप्पट होत नाही, ठरावीक तुकड्याने वाढतो. मर्यादा काढून टाकली.

२७ जुलै

स्मिथ प्रेडिक्टर. प्लांटमध्ये डेड टाइम (आज्ञा दिल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर) असलेल्या लूपसाठी ऑटो स्मिथ यांनी १९५७मध्ये दिलेली युक्ती, आमच्यातल्या काहींनी भट्टीच्या तापमानाला वापरलीही आहे. १९९३मध्ये मायल आणि सहकाऱ्यांनी लहान मेंदू असंच काही करत असेल का, असा प्रश्न मांडला होता. दुकानदार मागवलेला पण अजून न पोहोचलेला माल वहीत धरतो आणि त्याच मालाची दुसरी ऑर्डर देत नाही, तसं हे मॉडेल: हात हलवायला सांगितलं आहे पण डोळ्याला अजून दिसलेलं नाही, ते हिशेबात धरायचं.

ओव्हरशूट गेला! गेनही वाढवता आला. अर्धा दिवस वाटलं की झालं.

मग वेगाचा ग्राफ. मॉडेलचा वेग पहिल्या क्षणालाच कमाल आणि पुढे उतरत जाणारी लांब शेपटी. माणसाची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी. टेकाडाचा तर पत्ताच नाही. पण वही ठेवायची कल्पना पुढे लागणार आहे, हे कळलं.

५ ऑगस्ट

दुहेरी उड्या. टार्गेट एकदा उडतं आणि हात निघायच्या आत किंवा निघता निघता पुन्हा दुसरीकडे उडतं. गोदावरीला पाणी वाढल्यामुळे पंचवटीतले दोघे येऊ शकले नाहीत, तरी पुरेसा डेटा जमला.

दोन उड्यांत अगदी थोडं अंतर असेल, ५० मिलिसेकंदांसारखं, तर माणूस बऱ्याचदा पहिली विसरून थेट दुसरीकडे जातो. अंतर १५०-२००च्या आसपास असेल तर तो पहिल्या जागेकडे निघतो, आणि दुसऱ्या उडीला द्यायचा प्रतिसाद नेहमीपेक्षा उशिरा येतो. अंतर अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेलं की दोन्ही प्रतिसाद नेहमीसारखे.

आतापर्यंतचं एकही मॉडेल हे करू शकत नाही. रेषीय मॉडेल दोन्ही उड्यांना तोच डिले देणार, अंतर काहीही असो. स्मिथ प्रेडिक्टरही.

हा उशीर नवा नाही. टेलफर्ड यांनी १९३१मध्ये त्याला नाव दिलं, केंब्रिजच्या मार्गारेट विन्स यांनी १९४८मध्ये अशाच उड्या मारणाऱ्या टार्गेटवर तो मोजला. त्याच प्रयोगशाळेतले केनेथ क्रेक १९४५मध्ये सायकलच्या अपघातात गेले, त्यांचे लेख १९४७-४८मध्ये मागाहून छापले गेले. त्यांचं म्हणणं असं की माणूस सलग सर्व्होसारखा (चूक सतत बघून दुरुस्त करणाऱ्या मोटर-ड्राइव्हसारखा) चालत नाही. तो बघतो, एक हालचाल सोडतो, ती संपत आली की पुन्हा बघतो, साधारण अर्ध्या सेकंदाला एक. सर्व्हो ड्राइव्हचं काम करणाऱ्याला हे पटायला जड जातं, कारण आमच्या पॅनेलच्या कपाटातला सर्व्हो सतत बघत असतो. म्हणून तर पहिला महिना मी माणसाला ड्राइव्ह समजून ट्यून करत होतो.

११ ऑगस्ट

नवं मॉडेल, पानभर कोडचं.

चूक एका मर्यादेपेक्षा मोठी झाली की ती नोंदायची. डिले संपला की एक हालचाल सोडायची. तिची लांबी म्हणजे चूक गुणिले एकापेक्षा जरा लहान आकडा, कारण हात अलीकडे थांबतो. आकार फ्लॅश आणि होगन यांनी १९८५मध्ये दिलेला, किमान झटक्याचा (प्रवेग शक्य तितका हळुवार बदलेल असा): वेळेचा तिसरा, चौथा आणि पाचवा घात, गुणक १०, उणे १५ आणि ६. त्याचा कमाल वेग मध्यावर येतो आणि सरासरी वेगाच्या १.८७५ पट असतो, माझ्या मोठ्या टेकडीशी चांगला जुळतो. लागणारा वेळ फिट्सच्या नियमाने. एक हालचाल सोडली की काही काळ दुसरी सोडायची नाही.

पहिल्याच रनला मॉडेलने टार्गेट ओलांडून पट्टीचं टोक गाठलं. कारण सापडायला रात्र गेली. न सोडण्याचा काळ संपला तेव्हा पहिली हालचाल अजून अर्ध्यात होती. मॉडेलने राहिलेलं अंतर बघितलं, आणि तेवढ्यासाठी दुसरी हालचाल सोडली. पहिलीही पूर्ण झाली, दुसरीही. म्हणजे तीच वही पाहिजे: वाटेत असलेली हालचाल जिथे संपणार आहे, तिथून चूक मोजायची, आत्ता दिसते तिथून नाही. ती ओळ घातली आणि टेकडी, टेकाड, दुहेरी उडीतला उशीर, तिन्ही एकदम आले.

शेवटी हालचालीच्या लांबीत थोडी गडबड घातली, हालचाल जितकी मोठी तितकी जास्त. ती नसेल तर प्रत्येक पहिली हालचाल त्याच जागी संपते आणि पसारा माणसासारखा येत नाही.

संथ टार्गेटवर हेच मॉडेल चालवलं. आधी ते दचके देत चालत होतं, चूक केवढी झाली की नोंदायची ती मर्यादा कमी केल्यावर दचके इतके लहान झाले की जूनमधल्या दोन आकड्यांच्या मॉडेलपासून ओळखू येईना. उलटं मात्र होत नाही. संथवर जुळवलेले आकडे उडीला चालत नाहीत.

२४ ऑगस्ट

शॉपमधले क्रेनवाले मामा रविवारी घरी आले. नॉब दोन बोटांत धरला, बाकी हात टेबलावर टेकवून. बाकी सगळे मुठीत धरतात. निघायला लागणारा वेळ इतरांपेक्षा कमी नाही, उलट जरा जास्तच. पण पहिली हालचाल सगळ्यांपेक्षा आखूड, ठरवून आखूड, आणि मग दोन-तीन बारीक इंचिंग (जराजरा पुढे सरकणं). कुठेही ओव्हरशूट नाही.

"यात हुक झुलत नाही का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर ते हसले. खऱ्या क्रेनला सहा मीटर दोरावर लटकलेला माल पाच सेकंदांत एक झोका पूर्ण करतो. पुढे जाऊन परत आलं की झोका वाढतो, म्हणून त्यांच्या हाताला अलीकडे थांबायची सवय. नॉबला झोका नसला तरी हात तेच करत होता. मॉडेलमध्ये त्यांना बसवायला एकच आकडा हलवावा लागला, पहिल्या हालचालीचं प्रमाण. डिले तोच ठेवला.

त्यांनी आणखी एक दाखवून दिलं, जे मी सोयीने पुढे ढकलत होतो. नॉब जागा ठरवतो. क्रेनची जॉयस्टिक वेग ठरवते. जॉयस्टिक पुढे ढकलायची आणि परत मध्यावर आणायची, तेव्हा हुक एका जागेवरून दुसरीकडे जातो.

१ सप्टेंबर

जुनी गेमिंग जॉयस्टिक लावली, ४०० रुपयांना सेकंडहँड. मॉडेलला वाटलं तेवढं काम पडलं नाही. हुकची हालचाल टेकडीच्या आकाराची हवी तर जॉयस्टिकचा कोन म्हणजे ती टेकडीच. कोडमध्ये जागेऐवजी तिचा वेग पाठवला, बास.

मग ड्राइव्हचा रॅम्प घातला. इथे दोन बदली ऑपरेटर केले. एकाच्या वहीत रॅम्प नाही: जॉयस्टिक सोडली की हुक तिथल्या तिथे थांबेल असं तो धरून चालतो. दुसऱ्याच्या वहीत रॅम्प आहे. रॅम्प लांबवत नेला तसा पहिला जास्त जास्त पुढे जायला लागला आणि परत यायला लागला, अगदी नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात करतो तसा. दुसऱ्याला फक्त वेळ जास्त लागला. पूर्वी रॅम्प बदलल्यावर मामा म्हणायचे "चालेल, सवय होईल" आणि नाइट शिफ्टचा नवा ऑपरेटर म्हणायचा "गाडी पळते". दोघांचंही खरं होतं.

शॉपमध्ये पुढच्या वेळी रॅम्प बदलताना दोन्ही चालवून बघणार आहे, आणि नव्याचा ओव्हरशूट जिथे मालाच्या मोकळ्या जागेबाहेर जातो तिथे थांबणार.

झोका अजून घातलेला नाही. कुणाला लगेच सुरू करायचं असेल तर एकूण साहित्य दीड हजाराच्या आत येतं, त्यात न वापरलेला ए१०के धरलाय. फोटोडायोड पहिल्या दिवशीच लावा, आणि सरासरी काढायच्या आधी निदान वीस उड्या सुट्या छापून भिंतीला चिकटवा.